कागदाने काय फरक पडतो?

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

“ताई, मी ३३ वर्षांची, तो ३६ चा. सहा वर्षं पुण्यात एकत्र राहतोय, लग्न केलेलं नाही. करायचंच नाही असं काही ठरवलं नव्हतं, राहून गेलं. अडीच वर्षांची मुलगी आहे, जन्मदाखल्यावर आम्हा दोघांची नावं आहेत. ती झाल्यावर मी नोकरी सोडली, आता घरून डिझाइनची थोडीफार कामं करते. फ्लॅट त्याच्या नावावर, हप्ता तो भरतो. वाणसामान, कामाच्या मावशी आणि पाळणाघर माझ्याकडे. त्याची आई सांगलीहून येऊन राहते. मी त्यांना काकू म्हणते. नातीवर त्यांचा फार जीव, पण दर वेळी निघताना ‘पोरीसाठी तरी उरकून घ्या’ म्हणतात. माझे बाबा नाशिकला असतात, मुलगी झाल्यापासून बोलत नाहीत. परवा मैत्रिणीने एक लेख पाठवला की लग्न न करता राहणाऱ्यांची घरं जास्त मोडतात आणि मुलांचं नुकसान होतं. तेव्हापासून झोप नाही. त्याला सांगितलं तर म्हणतो, ‘कागदाने काय फरक पडतो? आपण नवरा-बायकोच आहोत.’ आमच्यात भांडण वगैरे काही नाही. मुलीसाठी लग्न करावं का? शाळेत अडचण येईल का? आणि तिच्या देखत लग्न करायचं म्हणजे विचित्रच नाही का?”

उत्तर:

आधी झोपेचं बघू. तुमच्या मैत्रिणीचा लेख खोटा नसणार. ब्रिटनमध्ये २००० सालच्या आसपास जन्मलेल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा एक मोठा प्रकल्प आहे. त्याच्या माहितीवरून लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने २०१० साली हिशेब मांडला. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत लग्न झालेल्या आईवडिलांपैकी ९ टक्के वेगळे झाले होते, नुसते एकत्र राहणाऱ्यांपैकी २७ टक्के. तिपटीचा फरक. असे लेख बहुधा इथवर येऊन थांबतात, आणि वाचणाऱ्या आईच्या पोटात गोळा येतो.

त्याच अभ्यासकांनी पुढे एक साधी गोष्ट केली. लग्न झालेले कोण आणि न झालेले कोण, हे त्यांनी पाहिलं. लग्न झालेल्यांत शिक्षण जास्त, मिळकत जास्त, मूल झालं तेव्हा वयही जास्त, आधीचा सहवास मोठा, मूल बहुतेक ठरवून झालेलं. हे सगळं हिशेबात धरलं की तिपटीची ती दरी बरीचशी बुजते. म्हणजे टिकण्याची लक्षणं ज्यांच्यात आधीपासून होती, तीच माणसं लग्नाच्या कचेरीत जास्त पोहोचत होती. मुलांच्या वाढीतल्या फरकाचंही बरंचसं तसंच निघालं.

तुमच्याकडे बघा. दोघं शिकलेले, मूल झालं तेव्हा तिशीतले, साडेतीन वर्षं एकत्र काढून मग मूल. त्या इंग्रजी तक्त्यात तुम्ही नावाला एका रकान्यात आणि गुणाने दुसऱ्या रकान्यात बसता. शिवाय तिथली लग्नं आणि आपली लग्नं यांत फरक आहे. तिथे न टिकणारं नातं बहुधा लग्नापर्यंत जातच नाही, आपल्याकडे ते मुहूर्तासकट पार पडतं. मी बरीच वर्षं कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होते. माझ्यासमोर येऊन बसलेल्या जवळपास प्रत्येक जोडप्याकडे लग्नाचा दाखला होता, अल्बम होता, काहींकडे ड्रोनने काढलेला व्हिडिओसुद्धा होता. मुलं खचायची ती घरातल्या रोजच्या धुसफुशीने, किंवा आज आई, उद्या मामाकडे, परवा बाबाची नवी मैत्रीण अशा फेऱ्यांनी. तुमच्या घरात यातलं काही नाही असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. तेव्हा त्या लेखासाठी झोप घालवू नका.

शाळेचंही लगेच सांगते. शाळा जन्मदाखला बघते, आधार बघते, पत्त्याचा पुरावा बघते. दाखल्यावर दोघांची नावं आहेत, विषय संपला. पासपोर्टलाही २०१६ च्या अखेरीपासून आईवडिलांपैकी एकाचं नाव पुरतं. कुठल्या बाईंनी गॅदरिंगला भुवया उंचावल्या तर उंचावू देत.

आता तुमच्या प्रश्नात नसलेलं. “ती झाल्यावर मी नोकरी सोडली.” “फ्लॅट त्याच्या नावावर.” ही दोन वाक्यं तुम्ही प्रश्नाची पार्श्वभूमी म्हणून लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. तुमचे पैसे दूध, भाजी, पगार आणि पाळणाघरात जातात आणि महिनाअखेर त्यांचा मागमूस उरत नाही. त्याचे पैसे हप्त्यात जातात आणि वीस वर्षांनी त्यांचं घर होतं. दोघं सारखेच खर्च करताय, पण साठतंय एकाचंच. यात त्याचा डाव आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक लग्नाच्या घरांतही हेच चालतं. पण तुमच्या बाबतीत त्याखाली जाळी नाही.

तो उद्या मृत्युपत्र न करता गेला तर काय होईल ते बघा. (अशुभ बोलते म्हणून रागवू नका, या सदराचं ते कामच आहे.) तुम्ही दोघं हिंदू आहात असं पत्राखालच्या आडनावांवरून धरते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलं, आई. तुम्ही त्यात कुठेच नाही. सहा वर्षं काय, सोळा वर्षं राहिलात तरी नाही. फ्लॅट काकूंकडे आणि मुलीकडे जाईल, आणि मुलीचा वाटासुद्धा कुणी हरकत घेतली तर निमूटपणे मिळेलच असं नाही, कारण लग्नाबाहेर झालेल्या मुलाचं नातं हा कायदा आईशी धरतो, वडिलांशी सहजी धरत नाही. काकू भल्या आहेत. त्यांच्या मागे कोण कोण आहेत ते तुम्हाला ठाऊक.

तुम्ही म्हणाल, सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांच्या बाजूने निकाल दिलेत. दिलेत. २००८ मध्ये दिला, २०२२ मध्ये केरळमधल्या एका कुटुंबाच्या वाटणीत दिला. तत्त्व असं की स्त्री-पुरुष दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिले तर त्यांचं लग्न झालं आहे असं गृहीत धरायचं, आणि झालं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर. पण या गृहीतकाचा फायदा कुणाला होतो? जे गावात नवरा-बायको म्हणून वावरले आणि ज्यांच्या लग्नाचा पुरावा हरवला किंवा कधी नव्हताच, त्यांना. तुम्ही मित्रमंडळींत, बाबांना, काकूंना उघड सांगितलंय की लग्न केलेलं नाही. समोरचा वकील पहिल्या तारखेलाच हे पुढे ठेवेल. ज्यांनी मंगळसूत्र घालून शेजाऱ्यांना थाप मारली त्यांना कायदा जास्त सांभाळतो आणि खरं बोलणाऱ्यांना कमी, हे मला कधी पटलं नाही, पण आहे ते असं आहे.

आणि वेगळे झालात तर? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण आहे, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि खर्चाचे पैसे मागता येतात. त्यासाठी नातं तसं होतं हे दाखवावं लागतं. २०१० च्या वेलुसामी खटल्यात न्यायालयाने कसोट्या घालून दिल्या: समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले, वयाने आणि इतर दृष्टींनी लग्नाला पात्र, स्वखुशीने आणि पुरेसा काळ एकत्र. तुम्ही यात बसाल असं वाटतं. पण तो कायदा मुळात छळ झालेल्या बाईसाठी आहे. छळ न करता नुसता कंटाळून निघून गेलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. मुलीची पोटगी मात्र पक्की आहे, आईवडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो, पोटगीच्या कलमातच तसं लिहिलंय.

एका ठिकाणी पारडं उलटं आहे, ते त्याला जरूर वाचून दाखवा. हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) आणि पालकत्व कायद्यानुसार लग्न झालेल्या जोडप्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचं नाव येतं, मग आईचं. लग्न न झालेल्यांत आधी आई, मग वडील. २०१५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला वडिलांना नोटीस न देता पालकत्वाचा अर्ज करू दिला. म्हणजे ज्या मुलीला तो रोज रात्री झोपवतो तिच्यावर कायद्याच्या लेखी त्याचा नंबर दुसरा. कागदाने फरक पडत नाही म्हणणाऱ्याला हा फरक चालेल का, विचारा.

तर त्याच्या वाक्याकडे येऊ. कागदाने फरक पडत नाही, असं म्हणणाऱ्या माणसाने फ्लॅटचा कागद केला आहे. बँकेचा केला आहे. विम्याचा, गाडीचा, सोसायटीच्या भाग प्रमाणपत्राचा केला आहे. त्या सगळ्या ठिकाणी त्याला फरक समजला होता. मग मनापासून तसं वाटत असेल तर इंडेक्स दोनवर (घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) तुमचं नाव चढवायला काय हरकत आहे? हे वाकड्यात शिरून विचारू नका, खरंच विचारा. उत्तरातून बरंच कळेल. बरेच पुरुष (आणि बायकाही) हे वाक्य प्रेमापोटी बोलतात, त्यांनी विचार केलेला नसतो एवढंच. काहींनी मात्र नीट विचार केलेला असतो.

मग लग्न केलं की सगळं सुटतं का? नाही, आणि हे काकूंनाही समजावून सांगावं लागेल. महाराष्ट्रात लग्नाने नवऱ्याचा फ्लॅट बायकोचा होत नाही. गोव्यात वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती दोघांची समाईक धरतात. घाट चढून पुण्यात आलात की ज्याच्या नावावर त्याचं. लग्नाने तुम्हाला वारसाहक्क मिळतो, पोटगीचा आणि घरात राहण्याचा भक्कम हक्क मिळतो, आणि कारभार कितीतरी सोपा होतो. उदाहरण घ्या. नवऱ्याने राहतं घर किंवा त्यातला हिस्सा बायकोला बक्षीसपत्राने दिला तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागला तर तेवढा. तोच हिस्सा तुम्हाला आज द्यायचा म्हटला तर खरेदीखतासारखं टक्क्यांत शुल्क, म्हणजे लाखांची गोष्ट. त्यावर प्राप्तिकर. वर्षाला ५०,००० रुपयांच्या वरची भेट करपात्र असते, नातेवाइकांकडून आली तर सूट, आणि लग्न न झालेला जोडीदार त्या यादीत नाही. भविष्य निर्वाह निधीचं तसंच. कुटुंब असलेल्या सभासदाने नामांकन कुटुंबातल्याच माणसाचं करायचं, आणि कुटुंब म्हणजे बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील. तुमचं नाव त्याने प्रेमाने घातलं असलं तरी ते टिकणार नाही. त्याच्या कंपनीचा आरोग्य विमा तुम्हाला घेतो का हे एचआरला विचारा, हल्ली काही कंपन्या घेतात.

स्वीडनचं उदाहरण लोक देतात, म्हणून दोन ओळी. तिथे निम्म्याहून जास्त मुलं लग्नाबाहेर जन्मतात आणि कुणाला काही वाटत नाही. पण तिथे २००३ चा सहवासाचा कायदा आहे. एकत्र राहण्यासाठी घेतलेलं घर आणि सामान वेगळं होताना वाटून घ्यावं लागतं. वारसाहक्क मात्र तिथेही नाही, त्यासाठी मृत्युपत्र लागतं. पाळणाघर आणि पालकरजा सरकार बघतं. इतकी जाळी खाली असताना कागद नको म्हणणं आणि बाणेर-बालेवाडीत म्हणणं यांत अंतर आहे. इकडे उत्तराखंडने २०२५ च्या जानेवारीपासून एकत्र राहणाऱ्यांना नोंदणीच सक्तीची केली. मदत कमी आणि पाळत जास्त, असं माझं त्याबद्दल मत आहे. महाराष्ट्रात तसं काही नाही.

माझं म्हणणं असं की लग्न करा, पण मुलीच्या नावाने करू नका. मुलीच्या नावावर केलेली गोष्ट पुढे तिच्याच डोक्यावर बसते. “तुझ्यासाठी आम्ही...” ने सुरू होणारी वाक्यं ऐकत वाढलेली मुलं मी पुरेशी पाहिली आहेत. करायचं ते तुमच्यासाठी, कारण या घरात पगार सोडून उघड्यावर आलेलं माणूस तुम्ही आहात. आणि लग्नाची तारीख काढण्याआधी एका रविवारी मुलीला काकूंकडे सोपवून पैशांचं बोलायला बसा. नोकरी सोडल्यापासून तुमचा भविष्य निर्वाह निधी थांबला, अनुभवाची वर्षं थांबली. त्याची भरपाई कशी करायची? फ्लॅटमध्ये तुमचा हिस्सा किती? (कर्ज चालू असताना बँकेची संमती लागेल.) तुम्ही पुन्हा पूर्णवेळ कामाला लागणार असाल तर मुलीच्या आजारपणात रजा कोण काढणार? हे बोलणं लग्न न केलंत तरी लागणारच आहे. केलंत तरी टळत नाही.

मृत्युपत्र दोघांनीही या महिन्यात करा. साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. त्यात मुलीचं नाव आणि जन्मतारीख लिहून ‘माझी मुलगी’ असं स्पष्ट म्हणा. ती लग्नाआधी जन्मली आहे, तेव्हा पुढे लग्न झालं तरी हा उल्लेख उपयोगी पडेल. दोघांच्या माघारी तिला कुणी सांभाळायचं तेही लिहा. आणि बँकेत, विम्यात नॉमिनी लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका, नॉमिनी पैसे स्वीकारतो, आपोआप वारस होत नाही.

विचित्र वाटण्याबद्दल विचारलंत. पालघर-डहाणूकडच्या वारली पाड्यांवर जोडपी एकत्र राहतात, मुलं होतात, आणि खर्च झेपेल तेव्हा लग्न लागतं. सामुदायिक विवाहात कडेवर मूल घेतलेल्या नवऱ्या उभ्या असतात. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. एके काळी याच भागात लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढलं की नवरा-बायको दोघांनाही त्याच्याकडे वेठीला राबावं लागे, त्यांना लग्नगडी म्हणत. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या बरोबरीने वारल्यांनी १९४५ च्या लढ्यात ती गुलामी मोडली. तिथे उशिरा लग्न होण्यात कुणाला पाप दिसत नाही, खिशाचा प्रश्न दिसतो. तुमच्या मुलीला तर अडीचाव्या वर्षी नवा फ्रॉक आणि जिलबी यापलीकडे काही कळणार नाही, आणि मोठेपणी फोटोत ती असेल याचा तिला आनंदच होईल.

आळंदीला जाऊन उरकायचा किंवा एखाद्या एजंटाकडून ‘फक्त सर्टिफिकेट’ घ्यायचा मोह टाळा. विधी न करता नुसती नोंदणी केली तर ते हिंदू विवाह ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येच स्पष्ट केलंय. विधी नको असतील तर विशेष विवाह कायदा आहे. काकूंना चार माणसं जेवायला घालायची हौस असेल तर घालू द्या, सहा वर्षं त्या थांबल्या आहेत. बाबांना पत्रिका नको, फोनही नको. हाताने पत्र लिहा, नातीचा फोटो घाला आणि तारीख कळवा. आले तर आले. त्यांच्या येण्यावर लग्न अडवू नका.

आणि पैशांचं बोलणं त्याने टाळलं, हसून नेलं, पुन्हा ‘कागदाने काय’ वर आला, तर लग्नाचा आग्रह सोडा आणि आधी पूर्णवेळ नोकरी शोधा. मग मला पुन्हा लिहा.

बोलणं नीट झालं तर विशेष विवाह कायद्याखाली विवाह नोंदणी कार्यालयाकडे नोटीस द्या, आता ती ऑनलाइनही देता येते. नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि तीन महिन्यांच्या आत लग्न करावं लागतं, नाहीतर पुन्हा नोटीस. त्या दिवशी तीन साक्षीदार लागतील. मृत्युपत्रावर सह्या केलेले दोघे त्यालाही चालतील, तिसरा तेवढा शोधा आणि तिघांना चहा पाजा.